कोयत्याला नाव नाही, म्हणून भरपाई नाही



दिवाळी झाली की वडवणी, धारूर, पाटोद्याच्या वस्त्यांत म्हातारी माणसं आणि कुलपं उरतात. दोन-तीन एकर कोरडवाहू मागं टाकून फडावर जातो तो शेतकरीच. त्याला ऊसतोड्या म्हणून वेगळा काढणं आम्हाला मान्य नाही.

फडात कोयत्यानं बोट जातं. मोळी चढवताना फळीवरून पाय घसरतो. रात्री भरलेली ट्रॉली उलटते. मुकादम दवाखान्याचं बिल भरतो आणि उचलीत लिहितो. म्हणजे हात मोडला त्याच्याच डोक्यावर कर्ज वाढलं!

भरपाईचा कायदा 1923 चा. मध्ये ठेकेदार असला तरी मूळ मालक सुटत नाही, हे त्याच्या 12 व्या कलमातच होतं. 2000 साली नैमित्तिक कामगाराला वगळणारे शब्द गेले. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली. घरून कामावर जाता-येता झालेला अपघात, कामाशी संबंध असेल तर, आता कामावरचाच धरतात. कागदावर सुधारणा चांगली आहे.

हिशेब पाहा. 30 वर्षांच्या गड्याचा अंगठा तुटला. जुन्या कायद्यात 2020 साली ठरलेली 15,000 रुपये मासिक मजुरीची मर्यादा धरू. तिचे 60 टक्के 9,000, वयाचा गुणक 207.98, अंगठ्याचे 30 टक्के. झाले 5,61,546 रुपये. फडावर मिळतं काय? 'उचल माफ केली, इथं अंगठा दे.' उरलेला अंगठा! हक्क सोडून देणारा असा करार कायद्यानं रद्दबातल आहे, हे गावोगाव सांगा.

पण अर्ज करायचा तर हा कुणाचा मजूर, मजुरी किती, याचा पुरावा लागतो. कारखाना मुकादमाकडं बोट दाखवतो, मुकादमाकडं असते वही. त्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल नवऱ्याच्या नावावर. बाई जखमी झाली तर तिची मजुरी कुठल्या कागदावर दाखवायची? कृषी पदवी घेताना आम्ही उसाचं टनेज शिकलो, उतारा शिकलो. तोडणाऱ्यावर एक तासही नव्हता.

ऊस लावणाऱ्यांनाही यात बोलायचा हक्क आहे. तोडणी-वाहतुकीचा खर्च आपल्याच बिलातून कापला जातो. त्या पैशात तोडणाऱ्याच्या अपघाताची सोय आहे का, हे वार्षिक सभेत उभं राहून विचारा.

टोळी निघण्याआधी प्रत्येक कोयत्यामागची दोन्ही नावं, कारखान्याचं नाव आणि ठरलेला दर एका कागदावर लिहून मुकादमाची सही घ्या. एक प्रत गावात ठेवा. अपघात झालाच तर दवाखान्याचा केसपेपर जपा, पोलिसांत नोंद करा. दाव्याला मुदत दोन वर्षांची. पट्टा पडून घरी आल्यावर बघू म्हणत दोन हंगाम सहज निघून जातात. कागदाचा नमुना बैठकीनंतर तालुकाप्रमुखांकडून न्या.