निरोप खरा असावा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी कोणीतरी ‘मोबाईल आणि आपले मंडळ’ या विषयावर बोलावे, असे बैठकीत ठरले तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडेच बोट दाखवले. मी सातवी शिकलेली बाई. माझ्यापेक्षा शिकलेल्या भगिनी इथे पुष्कळ आहेत. मला निवडण्याचे कारण माझे ज्ञान नसून माझी चूक असावी. तुमच्यापैकी काहीजणींना ती ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आज ती उघड सांगते.

आपल्या मंडळाचा व्हॉट्सॲपचा गट झाला तेव्हा आम्हां सर्वांना मोठे नवल वाटले होते. पूर्वी बैठकीचा निरोप द्यायचा तर दोघीजणी उन्हातून घरोघर फिरत. आता बोट लावले की निरोप पोचला! पण थोड्याच दिवसांत त्या गटात सकाळची फुले, संध्याकाळचे दिवे, सणांच्या शुभेच्छा आणि घरगुती औषधे यांचा एवढा ढीग साचू लागला, की बैठकीचा निरोप त्यात शोधून सापडेना. तरी त्यात कोणाचे नुकसान नव्हते. नुकसान पुढे झाले आणि ते माझ्या हातून झाले.

२०१८ सालचा जून महिना. मुले पळवणारी टोळी आली आहे, तिच्या बायका भांडी विकण्याच्या निमित्ताने गल्लीत शिरतात, असा निरोप माझ्या फोनवर आला. माझी मुलगी तेव्हा लहान होती. वाचून माझ्या पोटात धस्स झाले. स्वयंपाक आटोपून मी तो निरोप आपल्या मंडळाच्या गटावर, भजनाच्या गटावर आणि माहेरच्या गटावर पाठवून दिला. पाठवताना वर माझ्या मनाने एक ओळ जोडली, ‘मैत्रिणींनो, बातमी खात्रीची आहे.’ कसली खात्री? मी कोणाला विचारले होते?

तिसऱ्या दिवशी दुपारी गल्लीत ओरडा झाला. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी एक बाई ओट्यावर पाणी पीत बसली होती आणि शेजारचे एक लेकरू तिच्या पाटीतली वाटी वाजवीत होते. एवढ्यावरून वीस-पंचवीस माणसे जमली. कोणी तिची पाटी लाथाडली, कोणी तिचा दंड धरला. एक मुलगा हातातला फोन नाचवीत सगळ्यांना निरोप वाचून दाखवीत होता आणि त्यात ती ‘खात्रीची’ ओळ होती. माझीच. मी दारात उभी होते. पुढे व्हायला माझे पाय उचलेनात.

पुढे झाल्या त्या कोपऱ्यावरच्या आत्याबाई. त्या काठी टेकीत आल्या, त्या बाईचा हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाल्या, “माझ्या लेकीच्या रुखवताची परात हिच्याकडूनच घेतली आहे. हिला हात लावायचा तर आधी मला लावा.” लोक पांगले. बाईने सांडलेली भांडी गोळा केली आणि ती गेली. पुढे ती आमच्या गल्लीत कधी आली नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत धुळे जिल्ह्यातली बातमी आली. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात, आठवडी बाजाराच्या दिवशी, भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. त्यातले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले. पोटासाठी एवढ्या दूर आलेली माणसे! त्यांच्या मागेही अशाच अफवा फिरत होत्या. ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या गल्लीत आत्याबाई होत्या म्हणून निभावले, नाही तर काय झाले असते, हेच डोक्यात फिरत होते.

मी पुढच्या बैठकीत सर्वांसमोर चूक कबूल केली. तेव्हा एक वडील भगिनी म्हणाल्या, “मग हा गटच बंद करा.” त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. पुढे २०२२ च्या नोव्हेंबरात आपल्या शेजारच्या पुसद तालुक्यातल्या बान्सी ग्रामसभेने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईल वापरण्यास बंदी करण्याचा ठराव केला, तोही अशाच काळजीपोटी. पण आपण मोठ्या बायका आहोत. विळीने बोट कापले म्हणून विळी कोणी फेकून देत नाही, ती धरायला शिकते.

आत्याबाईंनीच मला एक गोष्ट समजावून दिली. पूर्वी गावात दवंडी पिटली जाई. दवंडी देणारा कोतवाल आपल्या ओळखीचा असे. त्याला थांबवून विचारता येई, “कोणी सांगितले? केव्हा?” खोटी दवंडी दिली तर त्याला गावात तोंड दाखवता आले नसते. फोनवरचा निरोप कोणी लिहिला हे कळत नाही, पण तो आपल्याला ज्या बाईने पाठवला तिचे नाव आपल्याला दिसते, आणि तिच्यावरच्या विश्वासाने आपण तो खरा मानतो. म्हणजे दवंडी आपणच देत असतो.

त्या दिवसापासून आपल्या गटाने काही रीती पाळल्या. नव्या सभासदांसाठी त्या सांगते.

पहिली, मंडळाचे निरोप दोघीजणीच टाकतात. ज्याच्या हाती गट आहे त्यानेच लिहावे, अशी सोय व्हॉट्सॲपमध्ये आहे. फुले आणि शुभेच्छा यांसाठी आपण दुसरा गट केला, तिथे हवी तेवढी हौस करावी. बाहेरून आलेल्या निरोपावर ‘फॉरवर्डेड’ असे लिहिलेले असते, आणि फार हातांतून फिरून आला असेल तर दोन बाण दिसतात. दोन बाण दिसले की आपण थांबतो, आणि गोष्ट पोलिसांची असेल तर ठाण्यात व औषधाची असेल तर डॉक्टरांना विचारतो.

दुसरी, रक्ताच्या निरोपाची. तारीख नसलेले, महिनोन् महिने फिरणारे निरोप तुम्ही पाहिले आहेत. एका भगिनीने अशाच एका निरोपावरच्या क्रमांकावर फोन केला तेव्हा पलीकडचा गृहस्थ रडत म्हणाला, “बाई, माझा मुलगा जाऊन चार महिने झाले. अजून रोज फोन येतात.” म्हणून आपल्या निरोपात रक्तगट, दवाखाना, तारीख आणि नातेवाइकाचे नाव असल्याशिवाय तो जात नाही, आणि रक्त मिळाले की ‘मिळाले, आता फोन करू नये’ हा दुसरा निरोप जातो. हा दुसरा निरोप पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे.

तिसरी, पैशाची. २०२५ च्या सप्टेंबरात लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीचे काम सुरू झाले, तेव्हा खोट्या संकेतस्थळांपासून सावध राहा असे वारंवार सांगितले जात होते. आपण गटावर आलेला कोणताही दुवा न उघडता, दोन शिकलेल्या मुलींना दुपारी मंडळाच्या ओसरीवर बसवले आणि सरकारी संकेतस्थळावरच अर्ज भरले. फोनवर आलेला ओटीपी कोणालाही सांगायचा नाही. तरीही फसवणूक झालीच तर लाज न धरता लगेच १९३० या क्रमांकावर कळवायचे. जितका उशीर तितके पैसे परत मिळणे कठीण.

चौथी रीत फोटोची. मंडळाने मुलांना वह्या वाटल्या आणि त्याचे फोटो हौसेने सगळीकडे पाठवले. त्यातली एक आई नंतर मंडळात येईना. मी घरी गेले तेव्हा ती म्हणाली, “बाई, वह्या दिल्या त्याचे उपकार आहेत. पण माझा पोरगा हात पसरून उभा आहे, हे त्याच्या वर्गातल्या सगळ्या पोरांनी पाहिले.” यावर मी काय बोलणार? तेव्हापासून आपण वह्यांच्या ढिगाचा फोटो काढतो, हिशेब लिहून टाकतो, घेणाऱ्याचे तोंड दाखवीत नाही.

आणि एक गोष्ट विसरून चालणार नाही. आपल्या पुष्कळ भगिनींच्या घरात फोन एकच आहे आणि तो मालकांच्या किंवा मुलाच्या खिशात असतो. काहींना वाचता येत नाही. त्यांच्यासाठी आपण निरोप बोलून पाठवतो, आणि प्रत्येक फोनवालीने बिनफोनच्या चार घरी जाऊन सांगायचे असे ठरवले आहे. पावसाळ्यात नाल्याकाठच्या घरांत पाणी शिरले तेव्हा याचा उपयोग झाला. तिथल्या बायकांना काय हवे ते आधी विचारून गटावर टाकले. जुन्या साड्या नकोत, पातेली आणि चादरी हव्यात. जे हवे तेच गोळा झाले.

शेवटी एक आनंदाची गोष्ट. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवांचे कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची चाल बंद करण्याचा ठराव केला. तो फोनाफोनीतून सगळीकडे पोचला, आणि त्याच महिन्यात सरकारने इतर गावांनीही असे करावे म्हणून परिपत्रक काढले. आपल्या गटावर ती बातमी आली तेव्हा आम्ही आधी खरी आहे का ते पाहिले, मगच पुढे पाठवली. त्या वर्षीपासून संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे बोलावणे आपण सर्व भगिनींना देतो. पहिल्या वर्षी गटावर निरोप टाकला, आणि एकही विधवा भगिनी आली नाही. दुसऱ्या वर्षी आम्ही चौघी प्रत्येकीच्या घरी गेलो, हात धरून म्हटले, चला. अकराजणी आल्या. त्यांत कोपऱ्यावरच्या आत्याबाई होत्या. त्यांना कुंकू लावताना माझा हात कापत होता.

मैत्रिणींनो, फोन आपला निरोप नेतो. तो खरा आहे का हे पाहणे आणि गरज पडेल तेव्हा उठून त्या दारापर्यंत जाणे, ही दोन्ही कामे आपलीच आहेत. माझी चूक तुमच्यापैकी कोणाच्या हातून न होवो, एवढे मागून मी आपली रजा घेते.