धवलारिणीची गाणी

पेण-रोह्याकडच्या आगरी लग्नांत मांडवात मान असतो धवलारिणीचा, म्हणजे गाऊन विधी चालवणाऱ्या बाईचा. हळदीपासूनचे विधी तिच्या धवल्यांवर, म्हणजे लग्नगीतांवर चालतात. पोथी नाही, सगळं तोंडपाठ. म्हाताऱ्या धवलारिणीच्या मागे सूर लावून शिकलेलं.

शिकलेल्या मुलींना मात्र जुनी लग्नगीतं खटकतात. पहिला मुलगाच हवा, सुनेनं खालमानेनं नांदावं, हे कसं म्हणायचं? गंमत म्हणजे, जिथं गाण्यात पहिला मुलगाच मागितला जातो तिथंच पुरोहिताची जागा बाईकडे आहे!

तोंडी गाणं तसं कधीच एका साच्यात नव्हतं. नवरीचं नाव, गाव, नाती घालताना प्रत्येक गायिका ओळ वळवतेच. तेव्हा मांडवात एखादी ओळ बदलली, तर माझ्या मते काही बिघडत नाही. ध्वनिमुद्रण करताना मात्र जुनं जसंच्या तसं ठेवावं. का ते पाहा: अभ्यासक हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकारातून महाराष्ट्रभरातल्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. त्यांत लेकीच्या जन्माचं दुःख आहे, सासुरवासाचा संतापही आहे. पटणारं तेवढंच निवडलं असतं, तर हा संतापही अर्धाच कळला असता.