भुरीवर दूध फवारावं का? (भागाचं लेखी रूप)

मी सॉफ्टवेअरवाला, पण गाव आसगाव, तालुका पवनी, जिल्हा भंडारा. त्यामुळे फोनवर कोडपेक्षा पिकाचेच प्रश्न जास्त येतात. सध्याचा प्रश्न : “भाऊ, दुधानं भुरी खरंच जाते का?”

जाते, पण सगळीकडे नाही.

ब्राझीलच्या वॅग्नर बेटियोल यांनी १९९९ मध्ये हरितगृहातल्या झुकिनीवरचा, म्हणजे भोपळ्याच्याच कुळातल्या पिकावरचा प्रयोग छापला. गाईचं कच्चं दूध पाण्यात १० टक्के किंवा जास्त घालून आठवड्यातून एकदा फवारलं, तर भुरी रासायनिक औषधाइतकीच आटोक्यात राहिली. म्हणजे १५ लिटरच्या पंपाला दीड लिटर दूध.

आता आपल्याकडे या. धान निघालं की परसात दोडका, काकडी, भोपळा असतो. थंडीत पानावर पीठ भुरभुरल्यासारखं दिसतं, ती भुरी. या वेलांवरची बुरशी पानाच्या वरवरच वाढते, म्हणून दूध तिच्यापर्यंत पोचतं. पहिले पांढरे ठिपके दिसताच, सकाळी ऊन आल्यावर, पानाच्या दोन्ही बाजूंनी फवारा. पूर्ण पांढरं झालेलं पान परत हिरवं होत नाही, ते तोडून टाका. साय काढलेलं दूध घ्या, वास कमी येतो, नोझलही कमी तुंबतं.

पण मिरचीचं वेगळं आहे. आपल्या शेजारी भिवापूर, मिरचीचंच गाव. मिरचीच्या भुरीची बुरशी पानाच्या आत शिरून वाढते आणि पांढरेपणा पानाखाली दिसतो. नाव तेच, पण बुरशी दुसरी. तिथे दुधाच्या भरवशावर राहू नका. धानाच्या करप्यावर तर दुधाचा विचारच नको. व्हॉट्सॲपवरचा मेसेज “बुरशी” एवढंच म्हणतो, कोणती ते सांगत नाही. तेवढ्यात आठ दिवस गेले, तर पीक जातं.

आणि हिशेब करा. एकराला २०० लिटर पाणी धरलं, तर एका फवारणीला २० लिटर दूध, आणि हे दर आठवड्याला. डेअरीच्या भावानं गुणून पाहा. परसातल्या चार वेलांना अर्धा लिटर पुरतं, तिथे दूध परवडतं. एकरभर काकडीला सहायक कृषी अधिकाऱ्यांना विचारून गंधक वापरा. फक्त कडक उन्हात नको, वेलांची पानं भाजतात.

थोडक्यात, आधी पान उलटून बघा, मग दुधाला हात लावा. भेटू पुढच्या भागात.