पन्नास संहिता, भाग एकही नाही



एप्रिल 2005 मध्ये अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात 'स्टार वॉर्स'च्या चाहत्यांचा मोठा मेळावा भरला होता. तिथे त्या चित्रपटांचे जनक जॉर्ज लुकास यांनी जाहीर केलं की चित्रपट आता संपत आले, यापुढे टीव्हीवर खरे नट घेऊन मालिका येईल. टाळ्या तर पडणारच. पुढे तिला 'अंडरवर्ल्ड' हे नाव चिकटलं. त्या गोष्टीला वीस वर्षं होऊन गेली, पण मालिका काही आली नाही.

अशा वेळी आपण काय म्हणतो? पैसा नव्हता, चॅनलवाल्यांनी पाय ओढले, कुणी खलनायक आडवा आला. इथे तसं काहीच नाही. लुकास स्वतःच कंपनीचे मालक आणि स्वतःच निर्माते. कथा त्यांची, स्पेशल इफेक्टचा कारखाना त्यांचा. 'कधी देताय?' असं विचारायची कुणाची छाती नव्हती. मला वाटतं, मालिका नेमकी त्यामुळेच अडली.

आधी तिची कथा काय होती ते सांगतो. 'स्टार वॉर्स'च्या तिसऱ्या आणि चौथ्या भागाच्या मधे एकोणीस वर्षांचा काळ जातो. साम्राज्य नुकतंच गादीवर बसलंय, बंड अजून धुमसतंय, पेटलेलं नाही. मालिका या काळात घडणार होती. स्थळ कोरुसांट, म्हणजे अख्ख्या ग्रहभर पसरलेलं एकच शहर. वर सत्ताधीशांचे मनोरे आणि खाली मजल्याखाली मजले, ऊन न पोचणारे. त्या तळाशी राहणारे गुंड, दलाल, सुपारी घेणारे, पोट जाळण्यासाठी काहीही करणारे लोक हे तिचे नायक. तलवारी फिरवणाऱ्या जेडायांना तिथे फारसं काम नव्हतं.

लेखकही ऐरेगैरे नव्हते. 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' नव्यानं उभी करणारे रोनाल्ड मूर त्यांत होते. 'लाइफ ऑन मार्स'चे मॅथ्यू ग्रॅहम होते, पुढे 'डॉक्टर हू'ची धुरा सांभाळणारे ख्रिस चिबनॉल होते. कॅलिफोर्नियात लुकास यांच्या स्कायवॉकर रँचवर ही मंडळी जमायची, लुकास स्वतः बैठकीत बसायचे. अशा बैठकांतून पन्नासेक संहिता तयार झाल्या. आणि मग? 'थांबू या,' असं ठरलं. तंत्रज्ञान स्वस्त होईपर्यंत!

निर्माते रिक मॅकलम यांनी नंतर एका मुलाखतीत सांगितलं की एका भागाला चार कोटी डॉलर लागले असते. 2011 मध्ये सुरू झालेल्या 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या पहिल्या पर्वाचे दहा भाग मिळून पाच-सहा कोटींत झाले, त्यावरून अंदाज घ्या. म्हणजे अडचण खरी होती, ते मी नाकारत नाही. पण याच लुकास-मॅकलम जोडीनं 1992 मध्ये 'यंग इंडियाना जोन्स' केली होती, तीही एका गाजलेल्या साहसपटमालिकेच्याच पोटातून. तेव्हा डोक्यावर एबीसी वाहिनी होती, तारखा होत्या, पैसा मोजका होता. मग त्यांनी काय केलं? चित्रपटाचा महागडा 35 मिलिमीटर कॅमेरा बाजूला ठेवला, 16 मिलिमीटरवर चित्रण केलं आणि युनिट घेऊन देशोदेशी हिंडले. आपल्या बनारसलाही आले. 1910 सालचं काशीक्षेत्र आणि कोवळ्या वयातले जे. कृष्णमूर्ती त्या भागात आहेत. गर्दी कमी पडली की मोजकीच माणसं उभी करून संगणकावर त्यांची जमाव-सेना करायची. प्रेक्षक बेताचे मिळाले, वाहिनीनं 1993 मध्ये मालिका बंद केली, पण ती झाली. आज पाहता येते. त्या काटकसरीत शिकलेले धडेच पुढे 'स्टार वॉर्स'च्या नव्या चित्रपटांना उपयोगी पडले.

'अंडरवर्ल्ड'वर असा तगादा कुणाचाच नव्हता. ऑक्टोबर 2012 मध्ये लुकास यांनी कंपनी डिस्नेला सुमारे 405 कोटी डॉलरना विकली आणि संहिता कपाटात गेल्या.

2020 च्या जानेवारीत अचानक एक चाचणीचं चित्रण बाहेर आलं, दहाएक वर्षांपूर्वीचं. निऑनच्या पाट्यांची अंधारी गल्ली आणि तिच्यात पांढऱ्या चिलखतातले शिपाई. पुढे करामत उघडी करून दाखवलीय : नट उभे आहेत ते एका रंगी पडद्यापुढे, सेट जेमतेम, बाकी सगळं शहर संगणकातलं. आज ते थोडं खेळण्यातलं वाटतं, पण वाट बरोबर होती. कारण दोनच महिने आधी डिस्नेची 'स्टार वॉर्स' मालिका 'द मँडलोरियन' आली होती. तिच्यासाठी वीस फूट उंच, अर्धवर्तुळाहून मोठी एलईडी भिंत उभारली होती. नट आत उभे आणि भोवती अख्खा ग्रह जिवंत. लुकास ज्या तंत्राची वाट पाहत बसले ते आलं, फक्त घर दुसऱ्याच्या मालकीचं झालं होतं.

पुण्यात जुना वाडा पाडला की त्याचे सागवानी खांब आणि दारं कुणाच्या तरी नव्या बंगल्यात दिसतात, तसं या मालिकेचं झालं. सॉ गरेरा हा कडवा बंडखोर मुळात तिच्यासाठी घडवलेला. तो आधी 2012 मध्ये 'क्लोन वॉर्स' कार्टूनमध्ये आला, मग 2016 च्या 'रोग वन'मध्ये फॉरेस्ट व्हिटेकरच्या रूपात. कोरुसांटच्या तळातल्या तेराशे तेराव्या मजल्यावर घडणारा एक व्हिडिओ गेम आखला होता, 2013 मध्ये तोही गुंडाळला गेला. ते घर पाडताना एवढा खांब मात्र मोडूनच गेला.

आणि डिस्नेची 'अँडॉर' मालिका? तोच काळ आणि तशीच हेरांची, गद्दारांची, धास्तावलेल्या साध्या माणसांची दुनिया. टोनी गिलरॉय यांनी ती स्वतंत्रपणे लिहिली, उसनी घेतली असं मी म्हणत नाही. पण 24 भागांना 65 कोटी डॉलर लागल्याचं ते स्वतःच सांगतात. भागाला पावणेतीन कोटींच्या आसपास. म्हणजे तंत्रज्ञान येऊनही स्वस्ताई काही आली नाही. आला तो पैसे ओतणारा मालक. लुकास ज्या स्वस्ताईसाठी थांबले ती बहुधा कधीच येणार नव्हती.

माझी एक मागणी आहे, इथून कॅलिफोर्नियापर्यंत ऐकू जाणार नाही तरी करतो. प्रयोग न झालेल्या नाटकाची संहिता आपण छापतो, वाचतो, तिच्यावर भांडतो. त्या पन्नासांतल्या निदान दहा संहिता डिस्नेनं छापाव्यात. कदाचित त्या सुमारच निघतील. लुकास यांचे संवाद आपण ऐकलेत! पण तो निकाल आपला आपल्याला लावता येईल.