कर्करोग नियंत्रणाची राज्ययोजना आणि समाजाचे दायित्व
(सुवर्णमहोत्सवी समारंभ, नेकनूर येथील व्याख्यान)



जैन परंपरेने दानाचे चार प्रकार सांगितले आहेत: आहार, औषध, ज्ञान आणि अभय. कर्करोगाच्या प्रश्नात औषधाइतकीच ज्ञानाची व अभयाची आवश्यकता आहे. बीड जिल्ह्याने याचा कटू अनुभव घेतला आहे. कर्करोगाची भीती घालून ऊसतोड कामगार भगिनींची गर्भाशये विनाकारण काढली गेल्याच्या तक्रारी झाल्या. २०१९ मध्ये हा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. जेथे तपासणी पोहोचत नाही, तेथे भयाचा बाजार भरतो.

याउलट उदाहरणही शेजारीच आहे. बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा व भूम तालुक्यांतील गावोगाव कार्यकर्ते फिरले. त्यांनी रुग्णांची नोंद केली, लक्षणे समजावून सांगितली आणि लोकांना वेळेवर रुग्णालयात आणले. वहीखात्याविना व्यापार चालत नाही, तसे नोंदीविना आरोग्याचे नियोजनही होत नाही.

पुढे तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गटाला ह्यूमन पॅपिलोमा विषाणूची तपासणी एकदाच देऊ केली, त्या सुमारे ३४ हजार स्त्रियांत आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. नेहमीच्याच व्यवस्थेवर सोडलेल्या सुमारे ३१ हजार स्त्रियांत ते ६४ झाले. आपल्यासारख्याच खेड्यांतील माताभगिनींनी जगाला दिलेला हा धडा आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सर्वंकष कर्करोग उपचार धोरणास मान्यता दिली. १८ रुग्णालयांतून त्रिस्तरीय सेवा देण्याची ही योजना आहे. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेतही कर्करोगाचे उपचार समाविष्ट आहेत. परंतु योजना रुग्णालयाच्या दारापर्यंत येते. घराच्या उंबरठ्यापासून त्या दारापर्यंतचे अंतर समाजालाच कापावे लागते.

येथे न्यासाचे कार्य सुरू होते. पहिले कार्य व्यसनमुक्तीचे. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरीही तंबाखूची पुडी सुटलेली नाही. समाजातील प्रत्येक दुकान तंबाखूमुक्त व्हावे. दुसरे कार्य तपासणीचे. तीस वर्षांवरील सर्वांच्या मुखाची, तसेच स्त्रियांच्या स्तनांची व गर्भाशयमुखाची तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमात अंतर्भूत आहे. शासकीय आरोग्य यंत्रणेच्या सहकार्याने दरवर्षी पर्युषणानंतर असे शिबिर भरवावे. त्यात जातिधर्माचा भेद नसावा. तिसरे कार्य सोबतीचे. संशयित रुग्णाची कागदपत्रे जुळवून देणारा आणि त्याच्यासोबत मोठ्या रुग्णालयात जाणारा एक तरी कार्यकर्ता न्यासाकडे असावा.

पन्नास वर्षांत न्यासाने श्रद्धेची वास्तू उभारली. पुढील वाटचालीत तिच्या छायेत भयग्रस्ताला अभय मिळावे, हीच जिनेंद्रचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र!