नाममुद्रा आणि पुटिका



साहित्याच्या प्राध्यापिकेने पेशींवर बोलावे, हे काहींना खटकेल. पण परिभाषा हा आपलाच प्रांत आहे, आणि 'एक्झोसोम' या शब्दावरून सध्या बरीच फसगत चालली आहे.

पेशी पटलात गुंडाळलेल्या सूक्ष्म पुटिका बाहेर सोडतात. 1983 साली मॉन्ट्रियलच्या रोझ जॉनस्टन यांच्या प्रयोगशाळेत मेंढीच्या अपक्व तांबड्या पेशींत हे दिसले. 1987 मध्ये त्यांनी 'एक्झोसोम' हे नाव वापरले. हे नाव जन्मस्थान सांगते : पेशीच्या आतल्या कप्प्यात तयार झालेली पुटिका. पण पेशीच्या बाह्यपटलावरूनही तेवढ्याच आकाराच्या पुटिका सुटतात. हाती आलेली कोणती, हे बहुधा सिद्ध करता येत नाही. म्हणून अभ्यासक आता आकारापुरते बोलतात : 200 नॅनोमीटरहून लहान ती 'लहान पेशीबाह्य पुटिका'. हा संयम मला फार आवडतो.

मग ओळख कशी पटवायची? प्रथिनांवरून. पटलावरची सीडी९, सीडी६३, सीडी८१ ही आणि आतली टीएसजी१०१, अ‍ॅलिक्स ही नेहमीची खूणप्रथिने. गाथेच्या अभ्यासकाला यात नवे काही नाही. अभंगाच्या शेवटी तुकोबांची नाममुद्रा आहे एवढ्यावरून तो अभंग तुकोबांचा ठरत नाही. मुद्रा कोणीही घालू शकतो. इथेही तेच. सीडी९ दोन्ही जन्मांच्या पुटिकांवर असते, काही पेशींच्या पुटिकांवर ते नसतेही. म्हणून पटलावरचे एक आणि आतले एक, अशी किमान दुहेरी साक्ष 2018 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांनी मागितली.

याहून महत्त्वाची नकारात्मक साक्ष. जुन्या म्हणवणाऱ्या पोथीत मागाहूनचा शब्द निघाला की आपण सावध होतो. तसे नमुन्यात कॅल्नेक्सिन भरपूर निघाले, तर फुटलेल्या पेशींचा गाळ मिसळल्याचा संशय घ्यावा. रक्ताच्या नमुन्यात अपोलिपोप्रथिने निघाली, तर मेदकण मिसळले असे समजावे. दुर्दैवाने हीच चाचणी पुष्कळदा गाळली जाते.

हा केवळ कोशातला वाद नव्हे. डिसेंबर 2019 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाला जाहीर इशारा द्यावा लागला : नेब्रास्कात एक्झोसोमयुक्त म्हणून विकलेल्या उत्पादनांनी रुग्णांना गंभीर अपाय झाला होता, आणि अशा एकाही उत्पादनाला मान्यता नव्हती. बाटलीवर नाव होते. साक्ष कोणी मागितली नव्हती.

आपल्या परिभाषा कोशात 'पेशीबाह्य पुटिका' ही मुख्य नोंद असावी आणि 'एक्झोसोम' तिच्याखाली, जन्मस्थान सिद्ध झाले असेल तेव्हाच वापरण्यासाठी. 'मार्कर'ला मी 'खूणप्रथिन' म्हटले आहे. 'चिन्हक'ही चालेल, पण खूण पटवणे ही क्रिया मराठीत आहे. ती का सोडावी?