न दुखणारा काटा



भोर-वेल्ह्याच्या खाचरांत अनवाणी भातलावणी करताना मधुमेही माणसाच्या पायात काटा रुतला आणि त्याला तो कळलाच नाही, तर ती सहनशक्ती नव्हे. नसा बधिर झाल्याची ती खूण असू शकते. वाढलेली साखर डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे व नसा यांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या वर्षानुवर्षे निमूटपणे पोखरीत असते.

उपाशीपोटीची साखर त्या एका सकाळचीच साक्ष देते. ‘एचबीए१सी’ ही रक्तचाचणी मात्र सुमारे तीन महिन्यांचा हिशेब मांडते. ब्रिटनमधील ‘यूकेपीडीएस’ अभ्यासात, २००० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, हा आकडा एका टक्क्याने कमी असता सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका ३७ टक्क्यांनी कमी आढळला. रक्तक्षय असल्यास हा आकडा फसवा ठरू शकतो. तेव्हा डॉक्टरांना तसे अवश्य सांगावे.

याखेरीज वर्षातून एकदा रक्तातील क्रिएटिनिन, लघवीतील अल्ब्युमिन, डोळ्यांचा पडदा व पाय तपासून घ्यावेत. दुखत नाही म्हणून थांबू नये. तरुणांना एवढीच विनंती, की घरातील मधुमेही वडीलधाऱ्यांच्या पाया पडताना त्यांचे तळवेही रोज निरखून पाहावेत.